नाव, गाव, पत्ता

बॅरी लायगा नावाच्या अमेरिकन लेखकाची २००६ साली एक कादंबरी आली. नाव जरा लांबलचक आहे: 'द अस्टॉनिशिंग ॲडव्हेंचर्स ऑफ फॅनबॉय अँड गॉथ गर्ल'. नायक पंधरा वर्षांचा. सगळे त्याला फॅनबॉय म्हणतात. शाळेत मार खाणारा, वर्गात कुणाच्या खिजगणतीत नसलेला, पण कॉमिक्सच्या बाबतीत चालताबोलता ज्ञानकोश. घरी गुपचूप कॉम्प्युटरवर स्वतःची ग्राफिक कादंबरी तयार करतोय. स्वप्न एकच. कॉमिक्सच्या कन्व्हेन्शनला जायचं, ब्रायन मायकल बेंडिस या (खऱ्याखुऱ्या) लेखकाला आपलं काम दाखवायचं, आणि त्याने 'वा!' म्हटलं की शाळा, गाव, सावत्र बाप सगळ्यांतून एकदम सुटका.

पण गोष्ट हलते ती बेंडिसमुळे नाही. जिमच्या तासाला फॅनबॉयला मार बसताना एका मुलीने पाहिलेलं असतं. ती त्याला मेसेंजरवर निरोप पाठवते. हीच कायरा. काळे कपडे, पांढराफटक चेहरा, जिभेला हाड नाही, आणि नील गेमनच्या 'सँडमन'वर जीव. दोघांची ओळख होते आणि तिथून पुढची सगळी भानगड सुरू होते.

हे पुस्तक 'टीनएजर्ससाठी' अशा कप्प्यात टाकून देतात. खरं तर ते एका ऐंशी वर्षांच्या इतिहासाचं शेपूट आहे. एकट्या पडलेल्या मुलांना कॉमिक्सने नक्की काय दिलं? नेहमीचं उत्तर तयार असतं: कॉमिक्सने हिरो दिला, स्वप्न दिलं, पळून जायला एक जग दिलं. ठीक आहे. पण हा इतिहास जरा उकरून पाहिला की उत्तर फारच साधं निघतं. त्यांना पोस्टाचा पत्ता मिळाला. आपल्यासारख्याच दुसऱ्या एका मुलाचा.

तर मंडळी, सुरुवात कॉमिक्सच्या आधीपासून करायला हवी. १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक याने न्यूयॉर्कहून 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केलं, फक्त विज्ञानकथांसाठी. गडी मूळचा लक्झेंबर्गचा, रेडिओच्या सुट्या भागांच्या धंद्यातून प्रकाशनात आलेला. त्याच्या मासिकात वाचकांच्या पत्रांचं सदर असे आणि त्यात पत्र लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता छापला जाई. घर नंबर, रस्ता, शहर, सगळं. झालं! मुलं संपादकाला सोडून एकमेकांना पत्रं लिहायला लागली. पत्रांतून क्लब निघाले, क्लबांतून स्वतः छापलेली छोटी मासिकं निघाली. यांनाच पुढे 'फॅनझीन' म्हणायला लागले. १९३२ साली न्यूयॉर्कच्या ज्यूलियस श्वार्ट्झ आणि मॉर्ट वायझिंगर या दोन पोरांनी 'द टाइम ट्रॅव्हलर' काढलं. वयं सोळा-सतरा. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

त्याच सुमाराला क्लीव्हलंडमध्ये ग्लेनव्हिल हायस्कूलला जेरी सीगल नावाचा मुलगा होता. ज्यू स्थलांतरितांच्या घरातला, बुजरा, मुलींशी बोलायची बोंब. १९३२ च्या जूनमध्ये त्याच्या वडिलांच्या कपड्यांच्या दुकानात चोर शिरले आणि त्या गडबडीत वडील हृदयविकाराने गेले. त्याचा मित्र जो शूस्टर टोरँटोहून आलेला, घरची परिस्थिती बेताची, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. या दोघांनीही सायक्लोस्टाईल करून एक फॅनझीन काढलं. १९३३ च्या जानेवारीच्या अंकात 'द रेन ऑफ द सुपरमॅन' ही सीगलची गोष्ट आणि शूस्टरची चित्रं आहेत. गंमत म्हणजे हा पहिला सुपरमॅन टकला आणि खलनायक आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर अल्फा व्हर्जन.

मग त्यांनी तो पार बदलला. आपल्याला माहीत असलेला सुपरमॅन घेऊन ही जोडी काही वर्षं दारोदार फिरली. शेवटी १९३८ च्या मार्चमध्ये सौदा झाला. १३ पानांची गोष्ट, पानाला १० डॉलर, एकूण १३० डॉलर. त्यात पात्राचे सगळे हक्क कायमचे गेले. जून १९३८ ची तारीख असलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला आणि एक अख्खा उद्योग उभा राहिला.

त्यातलं क्लार्क केंट हे पात्र बघा. चष्मेवाला, बावळट, जिच्यावर प्रेम आहे ती ढुंकून बघत नाही. आणि शर्टाच्या आत मात्र वेगळंच काही. हे लिहायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही, ग्लेनव्हिल हायस्कूलच्या मागच्या बाकावर बसलेलं असणं पुरतं. पण सीगल-शूस्टरला त्या शर्टाआडच्या माणसाने वाचवलं नाही. १९४७ मध्ये त्यांनी हक्कांसाठी कोर्टात धाव घेतली, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि कॉमिक्सवरून त्यांची नावंच गायब झाली. ती परत यायला १९७५ उजाडलं. तोवर शूस्टरची नजर जवळपास गेली होती. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी आघाडी उघडली, पेपरात बोंबाबोंब झाली, तेव्हा कुठे वॉर्नर कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर आणि श्रेय द्यायचं कबूल केलं.

फॅनबॉयने ही गोष्ट वाचलेली असणारच. तरीही तो बेंडिसकडेच निघतो. असो.

आता मधला काळा काळ. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कॉमिक्स अफाट खपत होती आणि मोठी माणसं अस्वस्थ होत होती. १९४८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर या गावात शाळेच्या आवारात दोनेक हजार कॉमिक्सची होळी झाली. पुढाकार तेरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याचा, अर्थात शिक्षकांच्या आशीर्वादाने. नाझींनी पुस्तकं जाळली त्याला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती, पण ही तुलना तिथे फारशी कुणाला खुपली नाही.

१९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' आलं. मुलं बिघडतात त्यामागे कॉमिक्स आहेत, असा त्याचा दावा. हा वर्थम काही टिपिकल कर्मठ म्हातारा नव्हता, हे आवर्जून सांगायला हवं. हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्याने क्लिनिक चालवलं होतं, आणि शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यात त्याच्या अभ्यासाचा उपयोग झाला होता. माणूस भला, पण कॉमिक्सच्या बाबतीत चष्मा आधीच चढवलेला. कॅरल टिली या संशोधिकेने त्याची कागदपत्रं तपासून २०१२ मध्ये दाखवून दिलं की त्याने मुलांच्या मुलाखती सोयीप्रमाणे बदलल्या, जोडल्या, काटछाट केल्या होत्या. म्हणजे डेटा आधी आणि निष्कर्ष नंतर, हा क्रम त्याने उलटा केला होता.

पण १९५४ ला हे कुणाला माहीत? सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, प्रकाशक घाबरले आणि त्याच वर्षी त्यांनी स्वतःवरच 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. ईसी कंपनीची भयकथांची आणि गुन्हेकथांची मासिकं बंद पडली. त्या कंपनीचा स्वतःचा फॅन क्लब होता, मुलांनी तिच्यावर फॅनझीनही काढली होती. कोडबरोबर ती मंडळीही पांगली. दुकानातून कॉमिक्स गेलं की मुलगा दुसरं काहीतरी वाचतो. पण क्लब गेला की तो पुन्हा एकटा पडतो, आणि हे नुकसान कुठल्याच सुनावणीत नोंदलं गेलं नाही.

आता ती दोन नावं आठवा, श्वार्ट्झ आणि वायझिंगर. ही फॅनझीनवाली पोरं मोठी होऊन डीसी कॉमिक्समध्ये संपादक झाली होती. १९५८ पासून सुपरमॅनच्या अंकात पत्रांचं सदर येत होतं, पण त्यात पत्र लिहिणाऱ्याचं नाव आणि गाव एवढंच असे. १९६१ मध्ये श्वार्ट्झने आपल्या अंकांमध्ये पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली. वरवर पाहता दोन ओळींचा बदल. आमच्याकडे असा चेंज कोणी केला तर रिव्ह्यूमध्ये कुणी मान वर करून बघणारही नाही. पण परिणाम बघा. तोवर प्रत्येक मुलाची एकच लाइन होती: खालून वर, वाचकाकडून संपादकाकडे. आता आडव्या लाइनी जोडल्या गेल्या, मुलाकडून मुलाकडे. स्वतः सोळाव्या वर्षी अशाच पत्त्यांवर वाढलेल्या माणसाला त्याची किंमत माहीत होती.

त्याच साली डेट्रॉइटचा जेरी बेल्स न्यूयॉर्कला श्वार्ट्झला भेटला. बेल्स वेन स्टेट विद्यापीठात विज्ञान शिकवणारा प्राध्यापक, पण लहानपणीच्या कॉमिक्सचं वेड न सुटलेला. श्वार्ट्झने त्याला विज्ञानकथांची फॅनझीन दाखवली. बेल्सने घरी जाऊन मार्च १९६१ मध्ये 'ऑल्टर-एगो' काढलं, जांभळ्या शाईच्या डुप्लिकेटर यंत्रावर. जोडीला मिसुरीतला रॉय थॉमस नावाचा तरुण. मग बेल्स थांबलाच नाही. जुने अंक विकणाऱ्या-घेणाऱ्यांसाठी वेगळं पत्रक आलं, आणि १९६४ मध्ये तर फॅन्सची नाव-पत्त्यांची अख्खी डिरेक्टरी. पत्रांच्या पानांवरून पत्ते वेचायचे, प्रत्येकाला पोस्टाने गाठायचं, त्याला दुसऱ्याशी जोडून द्यायचं. आजच्या भाषेत हा माणूस एकहाती सोशल नेटवर्क चालवत होता, सर्व्हर म्हणजे घरातलं टेबल.

यातून काय निघालं? न्यू जर्सीतल्या बेयोन गावचा एक मुलगा 'फँटास्टिक फोर'ला पत्र पाठवतो, ते १९६३ साली विसाव्या अंकात पत्त्यासकट छापून येतं. पत्ता बघून इतर फॅन्स त्याला फॅनझीन पाठवू लागतात. त्याला वाटतं, अरे, हे तर मीही लिहू शकतो, आणि तो लिहायला लागतो. त्याचं नाव जॉर्ज आर. आर. मार्टिन. होय, 'गेम ऑफ थ्रोन्स'वाला. पुढच्या वर्षी २७ जुलैला न्यूयॉर्कमध्ये काही टीनएजर पोरांनी मिळून एक दिवसाचं कॉमिक्स संमेलन भरवलं, तिथेही हा हजर होता. स्पायडरमॅनचा चित्रकार स्टीव्ह डिट्को तिथे आला होता. हा स्पायडरमॅन १९६२ चा. पुस्तकी किडा, शाळेत टिंगल होणारा पीटर पार्कर. आधीच्या कॉमिक्समध्ये टीनएजर म्हणजे हिरोचा शागीर्द असायचा. आता तो स्वतःच हिरो झाला, आणि वाचणारी मुलं एकमेकांच्या पत्त्यावर त्याच्याबद्दल चार-चार पानं लिहीत होती.

दुसरं उदाहरण जिम शूटर. पिट्सबर्गचा, घरी पैशांची चणचण. तेराव्या वर्षी त्याने स्वतः गोष्टी लिहून, चित्रं काढून वायझिंगरकडे पाठवल्या. वायझिंगरने त्या विकत घेतल्या. जुलै १९६६ च्या 'ॲडव्हेंचर कॉमिक्स'मध्ये त्याची गोष्ट छापून आली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. पुढे १९७८ ते १९८७ तो मार्व्हलचा मुख्य संपादक होता (२०२५ मध्ये तो गेला). रॉय थॉमसही १९७२ मध्ये त्याच खुर्चीत बसला. आणि १९७० च्या ऑगस्टमध्ये शेल डॉर्फ आणि काही पोरांनी सॅन डिएगोच्या यू. एस. ग्रँट हॉटेलात तीन दिवसांचं संमेलन भरवलं, तीनशेच्या आसपास माणसं आली. त्याच संमेलनाचं आजचं रूप म्हणजे सॅन डिएगोचं कॉमिक-कॉन, लाखावर गर्दी.

वर्थमचा पुढचा टप्पा तर कुठल्याही कॉमिक्सच्या कथानकापेक्षा भारी आहे. १९७३ मध्ये त्याचं शेवटचं पुस्तक आलं, 'द वर्ल्ड ऑफ फॅनझीन्स', आणि त्यात त्याने या मुलांच्या मासिकांचं चक्क कौतुक केलं! मुलं पैशासाठी नाही तर एकमेकांशी बोलण्यासाठी छापतात, हे त्याला आवडलं होतं. ज्याने एका पिढीची कॉमिक्स बंद पाडली, त्याला वीस वर्षांनी त्या नादातली खरी गोष्ट दिसली.

याच काळात आपल्याकडे, १९६४ मध्ये, टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ होऊन घराघरात पोचला. मग आपल्याकडे असे पत्त्यांचे जाळे का नाही दिसत? माझा अंदाज असा: चाळीत, वाड्यात पत्ता विचारायची गरजच नव्हती. एक अंक दहा घरं फिरायचा, उरलेलं काम भाड्याने पुस्तकं देणारी लायब्ररी करायची. अमेरिकेतल्या छोट्या गावात एकटं पोर पोस्टावर अवलंबून होतं, इथे जिना उतरलं की झालं. अर्थात चाळीतही ज्याची आवड सगळ्यांपेक्षा निराळी, तो एकटाच. दहा जणांच्या गोंगाटात एकटा, एवढाच फरक.

आता कायराकडे येऊ, कारण आतापर्यंतच्या इतिहासात तिच्यासारखं कोणी फारसं आलेलं नाही. मुली होत्या, नाही असं नाही. मॅगी थॉम्प्सनने पुढे पती झालेल्या डॉनसोबत १९६१ मध्येच 'कॉमिक आर्ट' फॅनझीन काढलं होतं. ट्रिना रॉबिन्सने १९७० मध्ये फक्त स्त्रियांनी काढलेलं कॉमिक बाहेर आणलं, दोन वर्षांनी 'विमेन्स कॉमिक्स' निघालं. पण १९७३ मध्ये फिल स्यूलिंगने प्रकाशकांशी थेट माल घ्यायचा करार केला आणि हळूहळू कॉमिक्स पेपरवाल्याकडून खास दुकानांत गेली. फॅन्सनी फॅन्ससाठी चालवलेली दुकानं! ऐकायला झकास. पण पेपरच्या स्टॉलवर कुठलीही मुलगी जाता-येता अंक उचलू शकत होती. या दुकानात शिरलं की सात-आठ पोरं वळून बघायची. जे बाहेर फेकले गेले होते त्यांनी स्वतःचं घर बांधलं आणि दाराशी बसून आत कोण येतंय ते न्याहाळायला लागले. हे सगळ्याच वंचितांच्या अड्ड्यांचं होतं की काय कोण जाणे. आमच्या प्रोग्रामर जमातीत तर नक्की झालंय.

१९८९ ते १९९६ या काळात आलेल्या 'सँडमन'ने त्या दारातून बऱ्याच मुलींना आत आणलं. म्हणून कायराचं दैवत गेमन असणं लेखकाने अचूक टिपलंय. (लायगाने कादंबरीकार होण्याआधी डायमंड या कॉमिक्स वितरक कंपनीत दहा वर्षं काढली होती, तेव्हा कोण काय वाचतं हे त्याला ठाऊक असणारच. ती डायमंड २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली.) आज मात्र ही पानं वाचताना घशात अडकतं. २०२४ पासून अनेक स्त्रियांनी गेमनवर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले आहेत. गेमनने ते नाकारले आहेत. निकाल काय लागायचा तो लागो, पण दैवताच्या दिशेने जाणारी ती उभी लाइन किती बेभरवशाची असते, हे कायराच्या पिढीला फार महागात कळतंय.

शेवटचा धागा, आणि तो गंभीर आहे. फॅनबॉय खिशात बंदुकीची एक गोळी बाळगतो. त्याच्याकडे एक यादीही आहे, ज्यांचं काही बरं-वाईट झालं तर त्याला दुःख होणार नाही अशांची. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडानंतर सात वर्षांनी आलेलं हे पुस्तक. त्या घटनेनंतर मारेकरी 'गॉथ' होते अशी हूल उठली आणि काळे कपडे घालणारं प्रत्येक पोर संशयित ठरलं. ती माहिती चुकीची होती, हे नंतर सिद्ध झालं. १९५४ मध्ये कॉमिक्स, १९९९ मध्ये काळा कोट. दोन्ही वेळेला मोठ्यांनी मुलाच्या हातात काय आहे ते बघितलं. त्याच्याशी बोलणारं कोण आहे, हे विचारायचं राहून गेलं.

लायगा तेच विचारतो. फॅनबॉयच्या गोळीवर तो प्रवचन देत नाही. तो फक्त एका मुलीला त्याला निरोप पाठवायला लावतो. ती काही देवदूत नाही, तिचीच शंभर दुखणी आहेत, दोघं एकमेकांना दुखावतातही. पण आडवी लाइन जोडली गेलेली असते.

आज तेरा वर्षांच्या मुलाचा घरचा पत्ता कुणी मासिकात छापला तर लोक दगड घेऊन येतील, आणि योग्यच आहे ते. जग बदललंय, धोकेही खरे आहेत. पण तुमच्या नात्यात, सोसायटीत असं एखादं पोर असेल (असतंच), दिवसभर खोलीत काहीतरी चितारत बसणारं, ज्याच्या आवडीतलं तुम्हाला ओ का ठो कळत नाही, तर त्याला 'बाहेर जाऊन खेळ' म्हणण्याआधी एवढं बघा, की त्याच्याच आवडीचं दुसरं कोणी जवळपास आहे का. असेल तर गाठ घालून द्या. श्वार्ट्झने दोन ओळी वाढवल्या होत्या, तुम्हाला एक फोन करावा लागेल.